न पळालेला गोमा

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही कान द्या. तेव्हा जहाजं वाऱ्यावर चालायची, आणि डोंगर कोणाचा असा प्रश्न कोणी कोणाला विचारत नसे.

मग एके वर्षी समुद्रापलीकडचं राज्य ह्या किनाऱ्यावर उतरलं. त्यांचा लाटसाहेब आला, त्याच्यामागून शिपाई आले, आणि शिपायांमागून दवंडी आली. "आजपासून डोंगर सरकारचा. झाड सरकारचं, झाडाचं पान सरकारचं, कड्यावरचं मधाचं पोळंही सरकारचं!"

त्या डोंगराच्या कुशीत गोमा राहायचा. कड्यावरचा मध काढणं हा त्याचा पिढ्यांचा धंदा. माथ्यावरच्या झाडाला दोर बांधायचा, कड्याच्या पोटाशी झुलत उतरायचं आणि आग्या माश्यांच्या घोळक्यातून पोळं कापून आणायचं. गोमाने दवंडी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा दोर खांद्यावर टाकला.

त्याची बायको ठकू म्हणाली, "अहो, शिपाई धरतील."

"माश्या रोज चावतात, तरी मी जातोच ना?" गोमा हसून म्हणाला. "हे तर नुसते शिपाई आहेत."

शिपायांनी त्याला कड्याच्या पायथ्याशीच धरलं. न्यायाधीशाने विचारलं, "सरकारी मध का चोरलास?" गोमा म्हणाला, "सरकार, मध माश्यांचा. त्यांनी तक्रार केली असेल तर मला शिक्षा द्या." कचेरीत हशा पिकला. न्यायाधीश मात्र हसला नाही. त्याने गोमाला सात वर्षं सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली.

तुरुंग म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकावरचा एक जुना किल्ला. तीन बाजूंना पाणी, चौथीला भलामोठा दरवाजा. कैद्यांनी दिवसभर खाणीत दगड फोडायचे आणि त्या दगडांतून लाटसाहेबाच्या जहाजांसाठी धक्का बांधायचा.

गोमा तिथे फार दिवस टिकला नाही. चुन्याच्या रिकाम्या गोण्या घेऊन एक गाडी रोज बाहेर जायची. एका दुपारी गोमाने अंगभर चुना फासला आणि गोण्यांमध्ये गोणी होऊन आडवा झाला. गाडी दरवाजातून निघून गेली. शिपाई त्याला शोधत डोंगरात पोचले तेव्हा तो आपल्या अंगणात बसून भाकरी खात होता, आणि त्याच्या कानामागे चुना अजून तसाच होता.

त्याला परत नेलं. पण त्या दिवसापासून बाजारात, पाणवठ्यावर, होड्यांवर एकच नाव झालं. गोमा गोणी झाला! नव्या राज्याच्या धाकाने ज्यांची मान वर होत नव्हती ती माणसं ही गोष्ट सांगताना खाली बसून हसायची. हसून झालं की थोडी ताठ उभी राहायची. एका माणसाच्या पळून जाण्याने अख्ख्या मुलखाचा जीव हलका झाला.

दुसऱ्या वेळी तर त्याने कमालच केली. समुद्राकडच्या तटावर सटवाजी नावाचा म्हातारा पहारेकरी असायचा. तांबडा भरजरी फेटा ही त्याची शान. जेवण झालं की फेटा काढून शेजारी ठेवायचा आणि तटाला टेकून डुलकी घ्यायचा. एका दुपारी ओहोटी लागली होती, खालचे खडक उघडे पडले होते. दगड वाहायला तटावर आलेल्या गोमाने तो फेटा हलकेच उचलला, त्याचा पीळ घातला, तोफेच्या लोखंडी कड्याला बांधला आणि तटावरून सरसर उतरून गेला. कडे उतरणाऱ्याला तो तट म्हणजे घराची पायरी. सटवाजी जागा झाला तेव्हा त्याचा फेटा तटावरून लोंबत वाऱ्यावर फडफडत होता.

आता मात्र मुलखाला वेड लागलं. गोमाची गाणी झाली. पोरं पंचे लोंबवून झाडावरून उतरू लागली. जो तो त्याला लपवायला तयार. आज ह्या वाडीत जेवण, उद्या त्या पाड्यावर मुक्काम. शिपाई विचारायचे, "गोमाला पाहिलंत?" आणि लोक विचारायचे, "कोणता गोमा? इथे तर सगळेच गोमा."

गोमालाही हे सारं गोड लागू लागलं. खोटं कशाला सांगू? मधापेक्षा गोड लागू लागलं.

त्यातच तो सापडला. एका जत्रेत शाहीर डफावर गोमाची कथा गात होता. गर्दीत घोंगडी पांघरून गोमा ऐकत होता. शाहिराने तान घेतली, "हिरव्या फेट्याचा केला दोर..." आणि गोमाला राहवलं नाही. तो उठून ओरडला, "अहो, हिरवा नव्हता! तांबडा होता, तांबडा!"

गर्दी वळली. गर्दीत शिपाईही होते.

लाटसाहेबाने गोमाला समोर उभं केलं. रागावून तो लालबुंद झाला होता, पण आवाज थंड होता. "तुझ्यासाठी मी खास कोठडी बांधतो आहे," तो म्हणाला. "तिच्यातून बाहेर पडलास तर मी माझी टोपी समुद्रात फेकीन."

कोठडी खरोखरच खास होती. बुरुजाच्या पोटात, चारी भिंतींना आतून सागवानी फळ्या, फळ्यांवर बोटभर जाडीचे खिळे. वर हातभर झरोका. आणि दाराशी हैबती.

हैबती पहारेकरी होता, पण त्याच्यापेक्षा कुलूप बरं बोललं असतं. पाण्याचा तांब्या अर्धाच द्यायचा, भाकरी दारातून फेकायचा आणि येता-जाता टोमणा मारायचा. "काय रे गोमाजीराव, आज कोणाचा फेटा?" गोमा मुकाट भाकरी उचलायचा. त्याला हैबती मुळीच आवडत नसे, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

कोठडीत गोमाने पहिलं काम केलं ते म्हणजे फळ्या ठोकून बघितल्या. मधमाशी पोकळ झाड ओळखते तसं त्याला बोटांनी कळलं, की एका फळीमागे भिंत नाही. ती किल्ल्याची जुनी, माणूस सरपटेल एवढी मोरी होती. बांधणाऱ्यांनी तिच्यावर फळी ठोकून ती झाकून टाकली होती. मोरी थेट खालच्या खडकांवर उघडत होती.

गोमा भाकरीबरोबरचं मीठ आपल्या अर्ध्या तांब्यातल्या पाण्यात कालवून ते खिळ्यांवर घालू लागला. घसा कोरडा पडायचा, पण खिळे गंजू लागले. पावसाळा गेला, थंडी गेली. शिमग्याच्या सुमाराला खिळे बोटांनी निघू लागले. भाकरीचा चुरा आणि दगडाची भुकटी मळून तो भेगा बुजवायचा, आणि फळी पहिल्यासारखी दिसायची.

ठकू महिन्यातून एकदा भेटायला यायची. ह्या खेपेला गोमा भेटीच्या खिडकीच्या जाळीशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "पुनवेच्या संध्याकाळी, ओहोटीला. कोळ्यांना होडी घेऊन खडकापाशी थांबायला सांग. तिथून थेट दुसऱ्या मुलखात जाऊ. इथे परत यायचं नाही."

ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती नुसती मान हलवून गेली.

पुनवेच्या आदल्या दिवशी हैबती म्हणाला, "बाहेर चल. खाणीत माणसं कमी पडली आहेत." गोमाच्या एका पायात बेडी ठोकून त्याला खाणीत नेलं, आणि ती बेडी पुढे पायातच राहिली. हातोडा घेऊन तो बसला आणि सहज शेजारी बघितलं. शेजारचा कैदी म्हातारा होता. हात थरथरत होते, एका दगडाला पाच घाव घालत होता. उन्हात डोकं उघडं होतं.

तो सटवाजी होता.

गोमाला आधी वाटलं, आपलीच नजर चुकते आहे. "सटवाजीबाबा? तुम्ही इथे?"

म्हाताऱ्याने वर बघितलं. ओळख पटायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "हां. तू होय."

"पण तुम्ही तर पहारेकरी! तुमच्या पायात बेडी कशी?"

"तुला ठाऊक नाही?" सटवाजीने हातोडा खाली ठेवला. "तू पहिल्यांदा पळालास, तेव्हा साहेबाने आम्हा पहारेकऱ्यांना नियम घालून दिला. ज्याच्या पहाऱ्यावरून कैदी सुटेल, त्या पहारेकऱ्याने कैद्याची राहिलेली शिक्षा भोगायची. तू पळालास, मी बसलो. तू परत सापडलास, तरी मी बसलेलोच. साहेब म्हणाला, झोपलास त्याची ही शिक्षा."

 गोमा म्हणाला, "मला माहीत नव्हतं, बाबा."

"खरं आहे. तुला कसं माहीत असणार?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच गोमाला सोसवेना. "तुझं गाणं मी ऐकतो. ही पोरं दगड फोडताना म्हणतात. चांगलं आहे गाणं. फेट्यापर्यंत येतं आणि थांबतं. फेटा ज्याचा, त्याचं पुढे काय झालं, ते गाण्यात नाही."

एवढं बोलून त्याने पुन्हा हातोडा उचलला. त्या दिवशी गोमाने आपले दगड फोडले आणि सटवाजीचेही फोडले. 

दुसऱ्या दिवशी पुनव होती. संध्याकाळी समुद्र मागे सरला. गोमा फळीसमोर बसला. खिळे सैल होते, मोरी मोकळी होती, खाली होडी आली असणार, आणि होडीत ठकू. दाराबाहेर हैबती कसलंतरी गाणं भसाड्या आवाजात गुणगुणत होता.

गोमाने फळीला हात लावला. मग काढला. पुन्हा लावला. 'हा हैबती माझा कोण?' त्याच्या मनात आलं. 'घोटभर पाणी पुरतं देत नाही. ह्याच्यासाठी मी उरलेली चार वर्षं कुजू?' त्याने एक खिळा उपसलासुद्धा. तेवढ्यात हैबती बाहेर खोकला, आणि गोमाच्या डोळ्यांसमोर हैबतीचे पाय आले. भेगा पडलेल्या टाचांचे, वहाणा नसलेले, कोणाचेही असतील तसे पाय. त्याने खिळा परत जागच्या जागी ठेवला.

भरती आली. होडी निघून गेली असणार.

ठकू पुढच्या भेटीला आली ती रागानेच पेटून. "भरती चढेपर्यंत होडी थांबली. कोळ्यांनी जीव धोक्यात घातला. तुम्ही का आला नाहीत?"

गोमाने सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "त्या सटवाजीच्या पायातली बेडी तुम्हाला दिसली. माझ्या पायातली कोणाला दिसायची? मी पण शिक्षाच भोगते आहे की!" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.



महिनाभराने ती पुन्हा आली. ह्या वेळी जाळीशी येऊन खाली टेकली. मग म्हणाली, "मी सटवाजींच्या घरी गेले होते. भांडायलाच गेले होते. म्हणणार होते, तुमच्या म्हाताऱ्यापायी माझा माणूस अडकला. त्यांच्या म्हातारीने मला बसायला पाट दिला. घरात होतं तेवढं ताक माझ्यापुढे ठेवलं. कोणाची कोण, हेही विचारलं नाही." तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही जाऊ नका. चार वर्षं मी काढीन."

आता ऐका, खरी शिक्षा तर पुढेच होती. गोमा पळत नाही, हे हळूहळू मुलखात पसरलं. लोक वाट बघून कंटाळले. शाहिरांनी दुसऱ्या कथा धरल्या. झरोक्याखालून मासेमारीच्या होड्या जायच्या, पूर्वी त्यांतून आरोळी यायची, "गोमा, कधी निघतोस?" आता एक दिवस कोणीतरी ओरडलं, "सिंह म्हणत होतो, मांजर निघालं! साहेबाच्या फळ्यांनी गोमा पाळीव केला!"

गोमा झरोक्याखाली बसून ऐकत होता. एक शब्द ओरडला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. 'फळी उघडी आहे रे!' पण तो शब्द साहेबाच्याही कानी गेला असता, आणि उघड्या फळीपायी बेडी हैबतीच्याच पायात पडली असती. ज्याला जत्रेत एका फेट्याचा रंग चुकलेला सोसवला नव्हता, तो ह्या वेळी गप्प राहिला. पळण्याबद्दल बसलेले चाबकाचे फटके त्याने हसत खाल्ले होते. हे गप्प राहणं मात्र त्याला फार जड गेलं.

मग एका सकाळी कोठडीचा पेंढा बदलायला हैबती आत आला. पेंढा ओढताना त्याचा पाय घसरला, तोल सावरायला त्याने फळी धरली, आणि फळी अलगद त्याच्या हातात आली. समोर मोरी, आणि मोरीच्या टोकाला लखलखीत समुद्र.

हैबतीने वाकून मोरीत डोकावून बघितलं.  "कधीपासून?" त्याने कसंबसं विचारलं.

"शिमग्यापासून," गोमा म्हणाला.

"मग... मग गेला का नाहीस?"

"खाणीत सटवाजीबाबांना पाहिलंत ना? त्यांच्या शेजारी तुम्हाला बसवून जायचं मला जमेना."

"पण मी तुझा कोण?" हैबती जवळजवळ ओरडलाच. "मी तर तुला धड पाणीसुद्धा देत नाही!"

"कोणी नाही," गोमा म्हणाला. "खरं सांगू का, तुमच्या टोमण्यांचा मला वीट आला आहे. पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

हैबतीने फळी जागेवर लावली. बाहेर गेला. थोड्या वेळाने आला, तेव्हा त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता.  त्या दिवसापासून त्याचे टोमणे बंद झाले.

काही दिवसांनी लाटसाहेबाकडे परदेशी पाहुणे आले. त्यांना धक्का दाखवून झाला, तुरुंग दाखवून झाला, आणि शेवटी साहेब त्यांना गोमाच्या कोठडीशी घेऊन आला. मागे सगळे पहारेकरी रांगेत उभे होते. "हा पाहा तो गोमा," साहेब म्हणाला. "ह्या मुलखाला वाटायचं, ह्याला कोणी धरून ठेवू शकत नाही. माझ्या सागवानाने आणि लोखंडाने ह्याला धरून ठेवलं!"

गोमा खाली बघत बसून राहिला. हैबतीला मात्र ते ऐकवेना. आपण काय करतो आहोत ह्याचा विचार त्याने नंतर केला असेल. त्या क्षणी तो सरळ आत गेला, एका हाताने फळी काढली आणि साहेबाच्या पुढ्यात ठेवली.

"सरकार, ही कोठडी किती महिने उघडीच आहे," तो म्हणाला. "ह्याला लोखंडाने नाही धरून ठेवलं. हा पळाला असता तर बेडी माझ्या पायात आली असती, म्हणून हा बसून राहिला."

पाहुण्यांपैकी एक जण खो खो हसला. लाटसाहेब काळाठिक्कर पडला. "ह्या पहारेकऱ्याला बेड्या घाला!"

"घाला," हैबती म्हणाला, "पण नियम कैदी पळाल्यावरचा आहे, सरकार. कैदी तर इथे बसलाय."

कोणी पुढे झालं नाही. साहेबाने दुसऱ्या पहारेकऱ्याकडे बोट केलं, "किल्ली तू घे." तो म्हणाला, "माफ करा, सरकार. हा माणूस माझ्यासाठी कुजावा, हे माझ्याच्याने बघवणार नाही." तिसऱ्याने तेच सांगितलं. मग एकेकाने कमरेची किल्ली काढून दगडी फरशीवर ठेवली. तो आवाज बराच वेळ होत राहिला.

साहेबाने गोमाकडे बघितलं. "आणि मी हा नियम काढून टाकला तर? तू काय करशील?"

"पळून जाईन, सरकार," गोमा म्हणाला. "आजच. खोटं कशाला बोलू?"

ह्या वेळी पहारेकरीही हसले. साहेब मात्र मनाशी हिशोब करू लागला. नियम ठेवावा, तर पहारा नाही. नियम काढावा, तर गोमा नाही. आपण एवढी मोठी कोठडी बांधली, आणि तिचं दार ह्या माणसाने आतून, आपल्या मनाने लावून धरलं होतं, हे त्याला आता दिसलं. तो वाईट माणूस असेल, पण आंधळा नव्हता. पाहुण्यांसमोर त्याला लाज वाटली; आणि मला वाटतं, थोडी स्वतःसमोरही वाटली.

"नियम रद्द," तो शेवटी म्हणाला. "सटवाजीला सोडा. आणि ह्याची राहिलेली शिक्षा माफ. ह्याला माझ्या डोळ्यांसमोरून न्या."

सटवाजीला खाणीतून आणलं, लोहार आला. गोमाने आपला पाय मागे घेतला. "आधी बाबांची," तो म्हणाला.

सटवाजीची बेडी तुटली, मग गोमाची. दोघं मोठ्या दरवाजातून, भर उजेडात, चालत बाहेर पडले. म्हाताऱ्याचा हात गोमाच्या खांद्यावर होता. "एवढा भराभर चालू नकोस," सटवाजी कुरकुरला, "तुला पळायची सवय, मला नाही." गोमाने पावलं आखडती घेतली. रस्त्याच्या कडेला ठकू उभी होती, आणि तिच्या शेजारी सटवाजीची म्हातारी.

त्यानंतर त्या मुलखातल्या तुरुंगात पहारेकऱ्याच्या पायात कैद्याची बेडी पुन्हा कधी पडली नाही. हैबतीने नोकरी सोडली आणि किनाऱ्यावर वाटसरूंसाठी पाणपोई घातली. तिथला तांब्या नेहमी भरलेला असे. आणि शाहिरांनी गोमाची नवी कथा बांधली. तिच्यात गोणी आहे, फेटा आहे, पण लोक खाली बसून हसत असले तरी एका ठिकाणी सगळे गप्प होतात. गोमा उघड्या फळीवरचा हात मागे घेतो, तेच ते ठिकाण.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनात ठेवा: जी सुटका दुसऱ्याच्या पायात बेडी घालून मिळते ती सुटका नव्हे, आणि तशी सुटका जो नाकारतो त्याच्याइतका मोकळा माणूस दुसरा नाही.